लेकरानं मान धरली, मामंजींचीही मान धरली

सेलूच्या एका ताईंचा प्रश्न आहे: सासूबाई कौतुकानं म्हणतात, ‘लेकरानं मान धरली’, त्याच सकाळी सासरे बाम चोळत म्हणतात, ‘माझी मान धरली’. क्रियापद एकच, मग एकीकडे कौतुक आणि दुसरीकडे कण्हणं कसं? आणि लेकरू मान धरतं म्हणजे नेमकं कोण धरतं?

पहिल्याचं उत्तर व्याकरणात आहे. लेकराच्या वाक्यात लेकरू कर्ता, मान कर्म. ‘तग धरला’, ‘दम धरला’, ‘रोपानं जीव धरला’ या जातीचं हे धरणं. त्यात हाताचा संबंध नाही, टिकवून ठेवण्याचा आहे. सासऱ्यांच्या वाक्यात धरणारा कोणी नाहीच. तिथं मानच कर्ता आणि क्रियापद अकर्मक, जसं ‘पाठ धरली’, ‘कंबर धरली’. (सन्मानाचा पुल्लिंगी ‘मान’ वेगळा. ही मान संस्कृत ‘मन्या’ची, आखडलेल्या मानेला आयुर्वेदात मन्यास्तंभ म्हणतात.)

खरी मजा दुसऱ्या प्रश्नात आहे. डोक्याचा भार मणक्याच्या आधाराच्या जरा पुढे पडतो. मानेमागचे स्नायू सैल झाले की हनुवटी छातीवर आलीच. दुपारच्या परभणी-नांदेड एसटीत कुठलंही बाक बघा. जागेपणी हे स्नायू आपल्या नकळत थोडे आवळलेले असतात, आणि तो हुकूम येतो मेंदूच्या देठातून, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागातून. शाळेच्या पुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ म्हणजे या देठाचा सगळ्यात खालचा भाग. डोकं कललं की आतल्या कानातून तिथं वर्दी जाते, आणि मान, पाठ, पाय यांच्या स्नायूंना ‘आवळा’ किंवा ‘सोडा’ असा निरोप सुटतो. देठाचा मधला भाग उभं ठेवणाऱ्या स्नायूंना आवळायला लावतो, खालचा त्यांना सोडायला लावतो. या ओढाताणीवर आपलं उभं राहणं चाललेलं असतं. गाढ स्वप्नं पडतात त्या झोपेत हाच देठ बहुतेक स्नायू पार ढिले सोडतो. डोळ्यांचे आणि श्वासाच्या पडद्याचे तेवढे चालू ठेवतो.

नव्या लेकराला दोन्ही हात धरून अलगद उठवलं तर डोकं मागं लोंबतं. मेंदू आणि मानेतले स्नायू तयार होत जातात तसं ३-४ महिन्यांच्या सुमारास डोकं अंगाबरोबर वर येऊ लागतं. डॉक्टरही असंच उठवून बघतात. म्हणजे सासूबाईंचं ‘धरली’ अगदी नेमकं आहे: लेकरू ते ठरवून करत नाही, पण काम मात्र त्याच्या आत अखंड चालू असतं.

हे काम मोकाट सुटलं तर काय होतं, ते चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये दाखवलं. मांजराच्या मेंदूचा वरचा भाग देठापासून तोडला, तर चारही पाय खांबासारखे ताठ झाले. वरचा लगाम गेला, देठाचं आवळणं तेवढं उरलं. मेंदूला जबर इजा झालेल्या माणसाचे हातपाय असे ताठरले, तर डॉक्टर त्यावरून इजा किती खोल गेली याचा अंदाज बांधतात. सासऱ्यांच्या मानेत मात्र देठाचा काही दोष नसावा. वेडंवाकडं झोपल्यानं एखादा स्नायू जागच्या जागी आवळून बसतो, एवढंच.

याच्या उलट ‘मान टाकणं’. पावसानं ताण दिला की सोयाबीन माना टाकतं, हे आपल्याकडं दर दोन-तीन वर्षांनी ऐकू येतं. गंमत बघा, ताण पावसानं द्यायचा आणि पिकाचा ताण जायचा! पिकाला मेंदू नाही. तिथं पेशींतल्या पाण्याचा दाब उतरतो. पण बघणाऱ्याला दिसतं तेच, आणि शब्द दिसण्यावरून पडलाय.

लिहिताना घोटाळा नको असेल तर सासऱ्यांसाठी ‘आखडली’ लिहा. बोलताना गरज नाही. ‘लेकरानं’ आणि ‘माझी’ एवढ्यावर ऐकणाऱ्याला कळतं.