गुडघ्याची सूज उतरली, एक्स-रेही चांगला आला. मग गुडघा का निसटतो?

आपण लिहिले आहे की, तीन आठवड्यांपूर्वी कबड्डीच्या सरावात चढाई करून मागे वळताना आपला पाय मॅटवर रुतला, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही, सूजही उतरली. मात्र जिना उतरताना गुडघा निसटतो. पुढच्या महिन्यातील स्पर्धेत खेळावे का, असे आपण विचारता. कृपा करून खेळू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवा.

मी डॉक्टर नाही, पण बारा वर्षे कबड्डी खेळलो आणि याच दुखापतीतून गेलो आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, दिसत नाही. वळताना आलेला आवाज, काही तासांतच भरलेली सूज आणि नंतर गुडघ्याचे निसटणे ही तिन्ही लक्षणे एकत्र असली, तर नडगीला पुढे सरकू न देणारे गुडघ्यातले लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटल्याचा दाट संशय घ्यावा लागतो. ते तुटले की सांध्यात रक्त साठते, म्हणून सूज इतक्या लवकर येते. पुढे ते रक्त शोषले जाते, दुखणे कमी होते आणि गुडघा बरा झाला असे वाटू लागते; लिगामेंट मात्र तसेच तुटलेले असते.

माझा गुडघा गावातल्या एका जाणत्याने तेल लावून चोळला आणि शीर बसल्याचे सांगितले. पाचव्या आठवड्यात मी मैदानात उतरलो, पहिल्याच पकडीत गुडघा पुन्हा निसटला आणि आतली गादीही फाटली. त्यानंतर दाखवलेल्या डॉक्टरांनी माझा पाय किंचित वाकवून एका हाताने मांडी धरली व दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. चांगल्या पायाची नडगी जेमतेम हलून ठक्कन थांबली. दुखऱ्या पायाची थांबलीच नाही, सैलपणे पुढे येत राहिली. ही लॅकमन चाचणी. एमआरआयने नंतर तेच निदान पक्के केले.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते असे नाही. धावता-धावता वळण्याची गरज नसलेल्या अनेकांचे मांडीचे स्नायू बळकट करून निभावते. कबड्डीत परतायचे असल्यास मात्र बहुधा दुर्बिणीतून नवे लिगामेंट बसवतात, आणि त्यासाठी बऱ्याचदा मांडीच्या मागच्या बाजूचा स्वतःचाच स्नायूबंध वापरतात. त्याआधी सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ द्यावा लागतो, नाहीतर तो आखडण्याची भीती असते. नंतरची फिजिओथेरपी कंटाळवाणी आहे, पण खरा इलाज तिथेच होतो. नऊ महिन्यांच्या आत खेळायला लागणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका अधिक असतो. कुस्तीपटू विनेश फोगाट यांचा गुडघा 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दुखावला होता. शस्त्रक्रियेनंतर 2018 च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा झाला, पाऊल बधिर किंवा थंड पडले अथवा पायावर भारच देता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी या आठवड्यात वेळ घ्या, आणि आवाज केव्हा आला, सूज किती तासांत भरली, गुडघा कधी कधी निसटला, हे तारखांसह कागदावर लिहून न्या.