वाचकांचे प्रश्न : पेट्रोलमधला ऑक्सिजन, पावसाळा आणि गाडीची टाकी

ई-२० पेट्रोलविषयी, म्हणजे २० टक्के इथेनॉल (अल्कोहोल) मिसळलेल्या पेट्रोलविषयी, आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं जोडून एक प्रश्न केला आहे.

हवेत एवढा ऑक्सिजन असताना पेट्रोलमध्ये वेगळा कशाला घालायचा? आणि इथेनॉलमुळे मुंबईची हवा खरंच सुधारते का?
— वाचक, डोंबिवली

पेट्रोलमध्ये ऑक्सिजन वायू सोडलेला नसतो. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजनचा अणू असतो आणि वजनाने तो जवळपास ३५ टक्के भरतो. त्यामुळे ई-२० मध्ये एकूण इंधनाच्या वजनात सात टक्क्यांहून थोडा जास्त ऑक्सिजन येतो.

त्याचा उपयोग होतो तो इंजिनाला हवा कमी पडते तेव्हा. कार्ब्युरेटरची जुनी गाडी, सकाळी ओढलेला चोक, रिच झालेलं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असलेलं) मिश्रण, अशा वेळी कार्बन अर्धवट जळतो आणि सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू येतो. कार्ब्युरेटरला आत काय आलंय ते कळत नाही, जेटच्या भोकातून जेवढं जाईल तेवढं तो सोडतो. त्याच भोकातून ऑक्सिजन असलेलं इंधन गेलं की मिश्रण आपोआप लीन होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने ऑक्सिजन वाढतो, आणि सीओ घटतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे दुचाकींचा सीओ साधारण निम्म्याने आणि चारचाकींचा ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिलं आहे. न जळलेले हायड्रोकार्बन २० टक्क्यांनी घटले. नायट्रोजन ऑक्साइड्समध्ये ठरावीक कल दिसला नाही आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड हे घातक रसायन मात्र वाढलं. जाहिरातीत पहिल्या दोन गोष्टी येतात, शेवटच्या दोन येत नाहीत.

बीएस-६ गाडीचं, म्हणजे प्रदूषणाचे नवे, कडक नियम पाळणाऱ्या गाडीचं, गणित वेगळं आहे. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. इंधनातला जादा ऑक्सिजन त्याला दिसतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) तेवढं पेट्रोल वाढवून मिश्रण पुन्हा जागेवर आणतो. उरलेलं काम सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. म्हणजे इंजिन तापल्यावर इथेनॉलचा सीओवरचा फायदा जवळपास संपतो. तो उरतो गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत, सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही थंड असताना.

दुसरा फायदा ऑक्टेनचा, म्हणजे इंजिनात ठोका न देता जळण्याच्या क्षमतेचा. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. देशभरातून शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, तेव्हा ऑक्टेन भरून काढायला बेंझिन-टोल्युइनच्या जातीचे अ‍ॅरोमॅटिक घटक हाताशी होते. हेच घटक काजळी आणि कर्करोगकारक बेंझिनला कारण ठरतात. बीएस-६ मध्ये बेंझिनला १ टक्का आणि अ‍ॅरोमॅटिक्सना ३५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. इथेनॉल असलं की ही मर्यादा पाळणं रिफायनरीला सोपं जातं.

राहिला प्रश्न मुंबईचा. इथल्या टॅक्सी आणि रिक्षा बहुतांशी सीएनजीवर आहेत, ट्रक डिझेलवर. पेट्रोल उरतं दुचाकींत आणि खाजगी मोटारींत. जुन्या कार्ब्युरेटरच्या दुचाकी जिथे जास्त, त्या सिग्नलवर सीओ कमी होईल हे नक्की. पण हिवाळ्यात समुद्रावर दिसणारा धुरकट पडदा मुख्यतः सूक्ष्म कणांचा असतो, त्यात बांधकामाची आणि रस्त्याची धूळही आली. इथेनॉलने ती धूळ बसत नाही.

पूर्वी पेट्रोलमध्ये एमटीबीई घालत, असं वाचलं. तेही ऑक्सिजनवालंच होतं, मग त्याला विरोध का झाला?
— वाचक, चेंबूर

एमटीबीई मिथेनॉल आणि आयसोब्युटिलीनपासून बनतो. त्यात वजनाने १८ टक्के ऑक्सिजन असतो आणि ऑक्टेनही चांगला. पाणी ओढत नाही, पाइपलाइनमधून जातो, पेट्रोलचा वाफदाब (वाफ होऊन उडण्याचा जोर) फारसा वाढवत नाही. रिफायनरीच्या दृष्टीने इथेनॉलपेक्षा किती तरी सोयीचा.

अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्तीनंतर सीओचा त्रास असलेल्या शहरांत १९९२ च्या हिवाळ्यापासून २.७ टक्के ऑक्सिजनचं पेट्रोल सक्तीचं झालं. एमटीबीईने ते गाठायचं तर पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण १५ टक्के ठेवावं लागतं. हवा सुधारली, पण पंपांच्या जमिनीखालच्या टाक्या गळत होत्या. पेट्रोलचे बाकीचे घटक मातीला धरून राहतात. एमटीबीई पाण्यात विरघळतो, भूजलाबरोबर पुढे सरकतो आणि जिवाणू त्याला सहज खात नाहीत. त्याचा टर्पेंटाइनसारखा वास पाण्याच्या अब्ज भागांत २०-४० भाग असले तरी कळतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पुढे कॅलिफोर्नियाने एमटीबीईवर बंदी घातली, आणि अमेरिकेच्या २००५ च्या कायद्याने प्रदूषण कमी करण्यासाठी बदललेल्या ‘रिफॉर्म्युलेटेड’ पेट्रोलवरची ऑक्सिजनची सक्ती काढून टाकली.

इथेनॉल जमिनीत गेलं तर जिवाणू ते पटकन खाऊन टाकतात. यालाही एक खोच आहे: त्या नादात तिथला ऑक्सिजन संपतो आणि शेजारचं बेंझिन जास्त दिवस टिकतं. पंपाला लागून असलेल्या सोसायटीने बोअरवेलचं पाणी फ्लशपुरतंच ठेवावं. पाण्याला पेट्रोलचा वास आला तर ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, उकळून वापरण्याच्या भानगडीत पडू नये.

माझी २०१२ ची कार्ब्युरेटरची बाइक आहे. ई-२० आल्यापासून पिकअप गेला, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, अ‍ॅव्हरेज ४५ वरून ३६ वर. जेट बदलू का?
— वाचक, परळ

जेट सगळ्यात शेवटी. आधी आकडे पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्या हिशेबाने शुद्ध पेट्रोलवरून ई-२० वर आलात तर सहा ते सात टक्के ऊर्जा कमी, आणि ई-१० वरून आलात तर साडेतीन टक्के. म्हणजे ४५ चे ४२ किंवा ४३ होतील. ३६ होत असतील तर गाडीत दुसरं काही तरी आहे आणि इथेनॉल फुकट शिव्या खातंय.

इथेनॉल जुन्या टाकीतला डिंक आणि मळ सोडवतं. ई-२० च्या पहिल्या काही टाक्यांत तो खाली येऊन पेट्रोल कॉकची जाळी आणि फ्लोट बाऊलमध्ये (कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत) साठतो. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. कॉक काढून जाळी धुवा. टाकी ते कार्ब्युरेटर जाणारी नळी बोटांत दाबून पाहा. फुगलेली, चिकट किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दाखवणारी असेल तर बदला. नवी घेताना इथेनॉलला चालणारी मागा, कारण साधी रबरी नळी वर्षभरात पुन्हा तशीच होईल. मग फ्लोट बाऊल उतरवा. फ्लोट सुईचं टोक रबराचं असेल आणि त्यावर गोल खाच पडली असेल, तर पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. अ‍ॅव्हरेज दहा किलोमीटरने पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. बाऊलची ओ-रिंग फुगून खाचेत परत बसत नसेल तर कापून बसवू नका, नवी टाका. अ‍ॅल्युमिनियमच्या बाऊलमध्ये पांढरी भुकटी दिसली तर तिथे पाणी साचलं होतं असं समजा.

एवढं करून गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि प्लग काढून पाहा. विटकरी-तपकिरी रंग ठीक. चुन्यासारखा पांढरा असेल तर मिश्रण लीन आहे. इंजिन गरम असताना कार्ब्युरेटरवरचा मिश्रण लावण्याचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवा. मात्र आधी तो कुठला स्क्रू आहे ते ओळखा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की मिश्रण रिच होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा आणि उलटा चालतो, बाहेर काढला की रिच. इथे गफलत झाली की लोक दोन दिवस गाडी ‘ट्यून’ करतात आणि ती आणखी बिघडते.

आयडलिंग सुधारलं, पण वेग घेताना गाडी धक्के खाते आणि प्लग पांढराच राहतो, तरच मेन जेट. जेटवरचा आकडा व्यासाचा असेल, म्हणजे ११० म्हणजे १.१० मिलिमीटर, तर हिशेब सोपा आहे. ई-१० वरून ई-२० ला इंधन साधारण ४ टक्के जास्त लागतं. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून व्यास २ टक्के वाढवला की पुरे. ११० च्या जागी ११२. एकदम १२० टाकणारे गॅरेजवाले भेटतील. त्याने इंधन १९ टक्के वाढेल आणि प्लग काळा पडेल. जेटला तार घालून भोक मोठं करणं तर करूच नका. जेट बदलल्यावर पीयूसी केंद्रावर सीओ मोजून घ्या. २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींना कमाल ३.५ टक्क्यांची मुभा आहे, बीएस-४ पासून पुढे ०.५. तुमची गाडी नीट लागली असेल तर ती मर्यादेच्या बरीच खाली येईल.

पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी होतं म्हणतात. हवेतल्या दमटपणामुळे खरंच एवढं पाणी होतं? घरी तपासता येतं का?
— वाचक, बोरिवली, वाचक, ठाणे

दमटपणाला उगाच दोष दिला जातो. तीस अंश तापमानाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ असते. तुमच्या टाकीतली दहा लिटर रिकामी जागा त्या हवेने भरली तरी त्यात पाणी येतं ०.३ ग्रॅम, म्हणजे सहा-सात थेंब. खरं पाणी झाकणाच्या बाजूने येतं.

बहुतेक बाइकच्या टाकीवर झाकणाभोवती खोलगट वाटी असते. तिच्यात पडलेलं पाणी खाली सोडायला एक बारीक भोक आणि नळी असते. चिखल आणि धुळीने ती बुजते, मग वाटीत तळं साचतं आणि झाकणाच्या जुन्या रबरातून आत उतरतं. जूनच्या आधी झाकण बंद ठेवून वाटीत अर्धा कप पाणी ओता. गाडीखाली थेंब पडायला हवेत. पडले नाहीत तर बारीक तार फिरवा. सर्व्हिसिंगमध्ये हे क्वचितच कोणी बघतं.

पाण्याचं होतं काय? इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं. १० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये पंधरा अंशांना सुमारे अर्धा टक्का पाणी मावतं, म्हणजे दहा लिटरला ५० मिलिलिटर. कटिंग चहाच्या ग्लासाहून कमी. २० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये त्याहून थोडं जास्त मावतं. मर्यादा ओलांडली की नुसतं पाणी वेगळं होत नाही, ते आपल्याबरोबर इथेनॉलही ओढून तळाशी नेतं. टाकीच्या तळातूनच पेट्रोल इंजिनाला जातं, त्यामुळे गाडी आधी हाच थर ओढते आणि बंद पडते. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरलेला असतो, ते भरधाव गाडीला ठोका देतं. एकदा थर पडला की गाडी हलवून तो मिसळत नाही. टाकी रिकामी करणं हाच उपाय.

इथेनॉल किती आहे हे पाहायला १०० मिलिलिटरचा, काचेचा, बूच असलेला मोजनळा लागतो. मोकळ्या हवेत, गॅस आणि सिगारेटपासून दूर बसा. आधी १० च्या खुणेपर्यंत पाणी घ्या, मग पेट्रोल ओतून १०० पर्यंत भरा. बूच लावून दहा वेळा हळू उलटसुलट करा, मध्ये एकदा बूच सैल करून वाफ सोडा. दहा मिनिटं ठेवा. खालचा थर आता १० पेक्षा वर आलेला असेल. ई-२० असेल तर तो २७-२८ च्या आसपास दिसतो, ई-१० असेल तर १८-१९. वाचलेल्या आकड्यातून १० वजा करा आणि ०.९ ने भागा, टक्के मिळतील. रेघ धूसर दिसली तर पाण्यात आधी चिमूटभर मीठ घाला. एक-दोन टक्क्यांचा फरक पडला म्हणून पंपाशी भांडायला जाऊ नका. थोडं इथेनॉल वरच राहतं, आणि पाण्यात मिसळताना आकारमानही जरा आक्रसतं.

पंपावर तुम्ही फिल्टर पेपर चाचणी (कागदावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडतो का ते पाहणं) आणि घनता मोजून मागू शकता. १५ अंशांवर आणलेली घनता पंपाच्या नोंदीपेक्षा ३ किलो प्रति घनमीटरहून अधिक वेगळी नसावी. फार पाऊस पडून गेला असेल आणि पंपावर पाणी तुंबलं असेल तर त्या दिवशी तिथे भरूच नका. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणातून पाणी आत जाणं हा तर पंपवाल्यांचाही नेहमीचा ताप आहे.

पेट्रोल भरताना नोझल बंद झाल्यावर मी पंपवाल्याला ‘राउंड फिगर कर’ म्हणतो. याने काही बिघडतं का?
— वाचक, मुलुंड

बिघडतं. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून बीएस-६ गाडीत कोळशाचा कॅनिस्टर असतो. नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी कोंबलं की द्रव पेट्रोल त्या कोळशात शिरतं आणि तो निकामी होतो. मग कडक उन्हात उभ्या गाडीला पेट्रोलचा वास येतो. इथेनॉलमुळे वाफदाब वाढतो, १० टक्के मिश्रणाला साधारण ७ किलोपास्कलने, त्यामुळे हा कॅनिस्टर आता जास्त कामाचा आहे. सुट्ट्यांची अडचण यूपीआयने कधीच सोडवली आहे.

‘इथेनॉलपासून संरक्षण’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्या टाकीत घालाव्या का?
— वाचक, कल्याण

पाण्याचा थर पडल्यावर त्यांचा उपयोग नाही. ५० मिलिलिटरच्या बाटलीने लिटरभर खालचा थर परत वर येत नाही. फुगलेलं रबरही त्याने आटत नाही. महिनाभर गावी जाणार असाल तर टाकी जवळपास भरून ठेवा, कॉक बंद करा, आणि कॉक बंद असताना फ्लोट बाऊलचं पेट्रोल खालच्या स्क्रूने एका डब्यात काढा. बाटलीच्या पैशात नवी नळी आणि दोन ओ-रिंग येतील.