विंडोजवर नीट चालणारा सी प्रोग्राम रास्पबेरी पायवर भलतेच आकडे देतो. प्रत्येक कंपायलरसाठी वेगळं इफडेफ (कंपायलर पाहून कोड निवडणारी अट) टाकत जाऊ का?

नका टाकू, बाप्पा. बहुतेक वेळा कंपायलर निर्दोष असतो. आपणच काहीतरी गृहीत धरलेलं असतं.

हिंगण्याच्या एमआयडीसीत एका शीतगृहाचं तापमान नोंदवणारा प्रोग्राम माझ्याकडे होता. विंडोजच्या पीसीवरून तो लिनक्सच्या एआरएम बोर्डावर (रास्पबेरी पायमध्ये असतो त्याच जातीचा प्रोसेसर) नेला, आणि पहिल्याच दिवशी स्क्रीनवर २३८ अंश! नागपूरचा मे महिना म्हटला तरी एवढं नाही. दीड दिवस आम्ही सेन्सरच्या वायरी हलवत बसलो. घोळ होता एका ओळीत: तापमान साध्या ‘चार’मध्ये ठेवलेलं (कॅरेक्टरवाला चार, आकडा नव्हे). तो साइन्ड (उणे आकडेही घेणारा) की अनसाइन्ड (उणे न घेणारा), हे सीच्या स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय. इंटेलवर तो साइन्ड मिळतो, एआरएम लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर अनसाइन्ड धरतो. खरं तापमान होतं उणे १८; त्यात २५६ मिळवा, २३८ येतात. ‘साइन्ड चार’ लिहिलं आणि मिटलं. जीसीसीला ‘चार’ साइन्ड धरायला लावणारा फ्लॅगही आहे, पण पुढचा माणूस मेकफाइल (कंपाइल करायच्या आज्ञांची फाइल) बदलताना तो हमखास उडवतो.

गेटचारचं (एकेक अक्षर वाचणारं फंक्शन) उत्तर ‘चार’मध्ये घेत असाल तर तेही आजच बदला, ‘इंट’ करा. नाहीतर फाइल संपल्याची उणे खूण पायवर कधी जुळणारच नाही, आणि फाइल संपली तरी लूप संपणार नाही.

तुमच्याकडे फाइलमधून रेकॉर्ड वाचणं असेल तर दुसरा संशयित ‘लाँग’. ६४ बिट विंडोजवर तो ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ चा. १९९९ च्या स्टँडर्डपासून नेमक्या मापाचे टाइप मिळतात, इंट३२_टी वगैरे, तेच वापरा. आणि अख्खं स्ट्रक्ट (अनेक फील्डचा गठ्ठा) एकदम फाइलमध्ये ओतू नका. एका ‘चार’नंतर ४ बाइटचा ‘इंट’ आला की मध्ये साधारण ३ बाइट रिकामे सुटतात, ते किती हे प्रत्येक प्लॅटफॉर्म आपल्या सोयीने ठरवतो. एकेक फील्ड, बाइटचा क्रम स्वतः ठरवून लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

इफडेफ लागतातच, उदाहरणार्थ स्लीपसाठी किंवा सिरियल पोर्टसाठी. ते सगळे एका हेडरमध्ये कोंडा. आत्ता मात्र दोन्हीकडे सगळ्या वॉर्निंग चालू करून बघा आणि पायवर पहिला चुकलेला आकडा कोणता येतो ते इथे टाका. त्यात २५६ चा फरक निघाला तर वायरींना हात लावू नका.