साइन ३० ला ०.५ का येत नाही आणि बाण उलटा का वळतो

तुमचे प्रश्न दोन आहेत, पायथॉनमध्ये साइन ३० काढलं की ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतंय आणि गेममधला बाण माउसकडे वळायच्या ऐवजी कधीकधी बरोबर उलटीकडे तोंड करतोय. पहिला पटकन सुटेल, दुसऱ्यात जरा खोलात जावं लागेल.

मॅथ.साइन ला कोन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतो, डिग्रीत नाही. तुम्ही ३० दिलं ते त्याने ३० रेडियन धरलं, म्हणजे साधारण १७१८.८७ डिग्री, त्यातून चार पूर्ण फेऱ्यांचे १४४० काढले की उरतात २७८.८७ आणि त्याचं साइन खरंच उणे ०.९८८ आहे. म्हणजे कॉम्प्युटर चुकला नाही, त्याला कोन वेगळाच मिळाला. मॅथ.साइन(मॅथ.रेडियन्स(३०)) लिहा. सी, जावा, जावास्क्रिप्ट सगळीकडे रेडियनच आहे, कारण रेडियनमध्ये छोट्या कोनाचं साइन जवळजवळ त्या कोनाइतकंच येतं आणि पुढची सगळी गणितं त्यावर सुटसुटीत बसतात.

आता हे केल्यावर तुम्हाला ०.४९९९९९९९९९९९९९९९४ असं काहीतरी दिसेल, घाबरू नका. साइन पाय (π रेडियन, म्हणजे १८० डिग्री) काढलंत तरी शून्य येत नाही, १.२२ गुणिले १० चा उणे सोळावा घात येतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आवडलं होतं: मेमरीत π पूर्ण मावत नाही, थोडा कापला जातो, आणि खरा π व साठवलेला π यांच्यात जेवढा फरक आहे जवळपास तेवढंच उत्तर साइन परत देतं. म्हणून दोन इक्वल टू लावून कधी तुलना करू नका, मॅथ.इझक्लोज वापरा, ते दोन संख्या पुरेशा जवळ आहेत का बघतं, आणि शून्याशी तुलना असेल तर त्यात ॲब्स टॉलरन्स (abs_tol, म्हणजे किती फरक चालेल) स्वतः द्यावा लागतो कारण डिफॉल्ट तो शून्य असतो.

बाणाचं. तुम्ही मॅथ.एटॅन(वाय/एक्स) वापरलंय, म्हणजे भागाकारावरून कोन काढणारं फंक्शन, घोळ तिथेच आहे. बाणापासून मोजून माउस (१, १) वर असो की (-१, -१) वर, भागाकार दोन्ही वेळा १ च, त्यामुळे एटॅन दोन्हीकडे ४५ डिग्रीच सांगणार, भागाकार करतानाच चिन्हं पुसली गेली ना! शिवाय माउस बरोबर वर किंवा खाली असला की एक्स शून्य आणि प्रोग्राम एरर देऊन बंद. यासाठीच एटॅन२ आहे, त्याला दोन्ही आकडे वेगवेगळे द्यायचे, आधी वाय मग एक्स, ते चिन्हं बघून चारही चतुर्थांश ओळखतं आणि (-१, -१) ला नीट उणे १३५ देतं. क्रम नक्की तपासा, एक्सेलमध्ये तो उलटा आहे, आधी एक्स मग वाय, दोन्हीकडे काम करणारे तिथे हमखास फसतात.

आणि स्क्रीनवर वाय खाली जाताना वाढतो. त्यामुळे वहीत जो कोन घड्याळाच्या उलट फिरतो तो इथे घड्याळासारखा फिरेल. बाण आरशात बघितल्यासारखा वर-खाली उलटा वाटला तर एटॅन२ ला देताना वाय चं चिन्ह बदला, पण एकाच जागी बदला, माझ्या एका प्रोजेक्टमध्ये मी दोन ठिकाणी बदललं होतं आणि अख्खी संध्याकाळ शोधण्यात गेली.

बाण हळूहळू वळवायचा असेल तर अजून एक अडचण येईल. ३५० वरून १० वर जायला २० डिग्रीच पुरतात पण साधी वजाबाकी उणे ३४० सांगते आणि बाण सगळी फेरी मारून येतो. वजाबाकीत १८० मिळवा, ३६० ने भागून बाकी घ्या, परत १८० वजा करा, २० येईल. पायथॉनमध्ये हे सरळ चालतं, जावास्क्रिप्टमध्ये उणे संख्येची बाकी उणेच येते म्हणून तिथे बाकीत ३६० मिळवून पुन्हा एकदा बाकी काढावी लागते.