ठेका कशात बसवावा? ८०८च्या वळणाचं ड्रम मशीन की सॅम्पलर : वाचकांचे प्रश्न

सोलापूर : आमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. कीबोर्ड, बेस, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि गायिका. लावणी आणि कोळीगीतांना इलेक्ट्रॉनिक ठेक्याची जोड द्यायची आहे. पैसे एकाच डब्याचे आहेत. बेहरिंगर आरडी-८सारखं ८०८च्या वळणाचं मशीन घ्यावं, की रोलँड एसपी-४०४ एमके२ किंवा अकाई एमपीसी वन यांसारखा सॅम्पलर? दुकानदार म्हणतो, सॅम्पलरमध्ये ८०८ असतंच.

दुकानदार अर्धं खरं सांगतोय. ८०८ म्हणजे रोलँडचं ड्रम मशीन. १९८०च्या त्या मूळ टीआर-८०८मध्ये आवाज साठवलेले नव्हते, ते प्रत्येक ठोक्याला नव्याने तयार व्हायचे. किक, म्हणजे खर्जाचा ठोका, हे घुमणारं एक सर्किट. घंटेला टोला द्यावा तसा त्याला विजेचा धक्का बसतो आणि ते विझेपर्यंत घुमत राहतं. काउबेल म्हणजे साधारण ५४० आणि ८०० हर्ट्झचे दोन चौकोनी स्वर, तर हाय-हॅट सहा ऑसिलेटरच्या गोंगाटातून गाळून काढलेली. आरडी-८ याच जातीचं, अ‍ॅनालॉग. ठेका चालू असताना डिकेचं (आवाज विझायला किती वेळ घ्यायचा त्याचं) बटण फिरवलं की किक खरोखर लांबते. सॅम्पलरमध्ये त्या किकचं ध्वनिमुद्रण असतं. ते कापता येतं, दाबता येतं, वरखाली करता येतं, पण रेकॉर्डिंग जिथे संपलं त्याच्यापुढे शेपूट वाढत नाही.

तुमच्या कामाला मात्र हा फरक दुय्यम आहे. लावणीला हलगी लागणार, कोळीगीताला एखादा घुंगराचा झटका लागणार, मधेच गायिकेचा ‘हाय’ लागणार. आरडी-८मध्ये बाहेरचा एकही आवाज भरता येत नाही, त्यामुळे ते बाद. रोलँडचंच टीआर-८एस हा मधला मार्ग आहे. ८०८-९०९चे आवाज ते संगणकीय नकलेने काढतं आणि एसडी कार्डावरून सॅम्पलही घेतं, पण बोटांनी वाजवायचे सोळा पॅड त्यात नाहीत.

उरलेल्या दोघांत मंडपातल्या कामासाठी एसपी-४०४ एमके२ घ्या. ते सहा एए सेलवर चालतं. जनरेटर बदलताना वीज एक सेकंद गेली तरी ठेका थांबत नाही. एमपीसी वनमध्ये बॅटरी नाही. वीज गेली की ते पुन्हा सुरू व्हायला आणि प्रोजेक्ट उघडायला वेळ घेतं, आणि तोवर गायिका प्रेक्षकांकडे बघत उभी. गाणी घरी बसून मोठ्या पडद्यावर नीट रचायची असतील तर एमपीसीच बरं. तसं असेल तर सोबत छोटा यूपीएस घ्याच.

एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे, पण तुम्ही तिचा हिशेब केलेला नाही : ऑक्टोपॅड. मिडी ही वाद्यांना एकमेकांना हुकूम पाठवू देणारी जोडणी. त्याच्या मिडी आउटमधून सॅम्पलरच्या मिडी इनमध्ये केबल टाका, म्हणजे तुमच्या वादकाच्या काठ्यांनीच सॅम्पल वाजतील. ऑक्टोपॅडच्या प्रत्येक पॅडचा नोट नंबर आणि मिडी चॅनेल सॅम्पलरच्या पॅडशी जुळवा. ठोका मारून काहीच वाजलं नाही किंवा भलतंच वाजलं तर हे दोन्ही पुन्हा तपासा.

पुणे : माझ्याकडे पहिलं एलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट हे सॅम्पलर आहे. ८०८ची चांगली सॅम्पल घातली, तरी किक टाइपरायटरसारखी वाटते आणि लागोपाठच्या ठोक्यांना ‘टक’ असा आवाज येतो. सॅम्पल खराब आहेत का?

सॅम्पल ठीक असावीत. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही दोन.

आधी ‘टक’. डिजिटॅक्टच्या एका ट्रॅकवर एका वेळी एकच आवाज वाजतो, त्यामुळे नवा ठोका आला की जुना तिथेच तुटतो. ८०८ची किक साधारण ४९-५० हर्ट्झची, म्हणजे तिची एक लाट सुमारे २० मिलिसेकंदांची. लाट मधेच तुटून पुढची शून्यापासून सुरू झाली की त्या पायरीचा आवाज येतो. किक पुढच्या ठोक्याआधी विझेल इतका डिके कमी करा. १०० बीपीएमला (मिनिटाला शंभर ठोके) सोळाव्या भागाची एक स्टेप, म्हणजे पॅटर्नमधला एक खण, १५० मिलिसेकंदांची असते. एक स्टेप सोडून किक असेल तर ती ३०० मिलिसेकंदांच्या आत संपायला हवी. लांब शेपूट हवीच असेल तर अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) केसभर वाढवा, टक बोथट होईल. दोन ट्रॅकवर आळीपाळीने किक ठेवायची युक्ती सुचवली जाते खरी, पण त्यात दोन लांब किक एकमेकींवर चढतात आणि लाटा उलटसुलट पडल्या की खर्ज खाऊन टाकतात. ती टाळा.

टाइपरायटरचं कारण वेगळं. मूळ मशीनमध्ये आधीचा ठोका घुमत असतानाच दुसरा धक्का बसतो, म्हणून दुसरा ठोका पहिल्यासारखा तंतोतंत कधीच येत नाही. सॅम्पल मात्र शंभरदा सारखंच. एकाच किकची चार वेगवेगळी रेकॉर्डिंग मिळवा आणि पॅरामीटर लॉकने (एकेका स्टेपला वेगळं सेटिंग देण्याच्या सोयीने) स्टेपवार बदलत ठेवा. शिवाय एलएफओ, म्हणजे सेटिंग आपोआप हळूहळू हलवणारी लाट, पिचला अगदी बारीक लावा. कानाला ‘सूर हलला’ असं कळलं तर तो जास्त झाला.

आणि सूर लावून घ्या. ४९ हर्ट्झ म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. गाणं काळी चारचं असेल तर सॅम्पल एक सेमीटोन वर, जवळपास ५२ हर्ट्झवर न्या. काळी एकसाठी सहा सेमीटोन खाली नेलंत तर ती ३५ हर्ट्झच्याही खाली जाते आणि बहुतेक स्पीकर ती वाजवतच नाहीत. वर नेलेली बरी. सॅम्पल खाली नेलं की लांबतं, वर नेलं की आखडतं, म्हणून आधी सूर लावा, डिके मागाहून.

नाशिक : हलगी आणि ढोलकी स्वतः रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये घालायची आहे. एकदा करून पाहिलं, पण ठोका उशिरा येतो आणि बोट उचललं की आवाज तुटतो.

बोट उचलल्यावर तुटतो म्हणजे पॅड गेट मोडमध्ये आहे, दाबून धराल तोवरच वाजतो. तो वन-शॉट करा, मग एका दाबात पूर्ण वाजेल.

उशिराचं कारण बहुधा फाइलच्या सुरुवातीची शांतता. १५-२० मिलिसेकंदांची पोकळी डोळ्याला दिसत नाही, हाताला जाणवते. लाटेचं चित्र पूर्ण मोठं करून ठोका जिथे उठतो त्याच्या जेमतेम एक मिलिसेकंद आधी कापा. शेवटी ५-१० मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर शेपटाला टिचकी ऐकू येते.

पण मुळात रेकॉर्डिंग नीट हवं. हलगी शेकल्यावर चढते आणि गार होता होता उतरते, त्यामुळे शेकल्याबरोबर सगळे ठोके एका दमात घ्या. अर्ध्या तासाने घेतलेला ठोका पहिल्याशी जुळत नाही. साधा डायनॅमिक माइक फूट-दीड फुटावर, थोडा तिरका. रेकॉर्डिंग २४ बिट, सर्वांत जोराचा ठोका उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. हलका, मध्यम, जोराचा आणि कडेचा असे चार प्रकार, प्रत्येकाचे तीन-तीन ठोके. एकूण बारा फाइली, एका बँकेत बसतात.

ढोलकीच्या शाईच्या तोंडाचे उघडे आणि दाबलेले बोल एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे दाबलेला बोल उघड्याचा नाद मारतो, जसा हात मारतो. धुमाच्या तोंडाची घिसकारी मात्र तुकड्यांतून जुळवता येत नाही. सरळ ‘घे’ वेगळा, ओढलेला ‘घे’ वेगळा असा अख्खाच रेकॉर्ड करा. पिचचं बटण फिरवून ती ओढ काढायचा मोह होतो, पण त्यात कातड्याचा आवाज रबरासारखा होतो.

लूप, म्हणजे ठेक्याचा अख्खा फिरता तुकडा, घेतलात तर आणखी एक : सॅम्पलरचा स्विंग (एकाआड एक स्टेप किंचित उशिरा पाडणं) लूपच्या आतल्या ठोक्यांना लागत नाही, तो फक्त सुट्या ठोक्यांना लागतो. १०० बीपीएमला ५८ टक्के स्विंग म्हणजे दुसरी स्टेप १५०ऐवजी १७४ मिलिसेकंदांवर पडते. लूप सरळ आणि हाय-हॅट स्विंगमध्ये असेल तर हे २४ मिलिसेकंद दोन वादक भांडल्यासारखे ऐकू येतात. एक तर लूप चिरून सुटा करा, नाहीतर स्विंग ५०वर आणा.

पणजी : सोळा स्टेपच्या मशीनवर दादरा आणि रूपक बसतात का?

बसतात. एका मात्रेला दोन स्टेप द्या. दादरा १२ स्टेपचा, रूपक १४चा. पॅटर्नची शेवटची स्टेप तिथे आणून ठेवा. मशीन चार स्टेपचा एक ठोका मोजतं, म्हणून पडद्यावरचा बीपीएम मात्रांच्या वेगाच्या निम्मा दिसेल. मिनिटाला १८० मात्रांचा दादरा हवा तर ९० लावा.

रूपकात समेवर खाली असते. सवयीने पहिल्या स्टेपवर किक टाकलीत तर रूपकाचा रूपक राहत नाही. ‘ती ती ना, धी ना, धी ना’मध्ये किक चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, म्हणजे सातव्या आणि अकराव्या स्टेपवर. झपतालाला २० स्टेप लागतात. त्यासाठी दहा-दहाचे दोन पॅटर्न करून साखळीत जोडा.

गोंधळ होतो तो दुसरं यंत्र जोडल्यावर. ड्रम मशीन १४वर आणि सिंथचा सिक्वेन्सर (स्वर ओळीने वाजवणारा भाग) १६वरच राहिला, तर दोघांची सम ११२ स्टेपनंतरच पुन्हा गाठ घेते.

न्यू जर्सी : इथे जुनं, चालू स्थितीतलं टीआर-८०८ मिळतंय. पुण्याला भावासाठी न्यावं का?

वाजवण्यासाठी नको. ही मशीन सुमारे बारा हजारच बनली. तिच्या चरचरीत आवाजामागे मुद्दाम निवडलेले सदोष ट्रान्झिस्टर होते, ते मिळेनासे झाले आणि १९८३मध्ये उत्पादन थांबलं. आज किंमत संग्राहकांची आहे. दुरुस्तीला त्या सर्किटची माहिती असलेला माणूस लागतो. शिवाय त्यात मिडी नाही आणि मूळ ८०८मध्ये स्विंगही नाही.

तरी नेणार असाल तर मागचं लेबल वाचा. अमेरिकेतलं मशीन ११७ व्होल्टचं. पुण्याच्या २३० व्होल्टला थेट लावलंत तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. लेबलवरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा, तांब्याच्या वेटोळ्यांचा खरा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रवासात हेअर ड्रायरला लावतात तो हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर चालणार नाही. पॅकिंगआधी मेमरीचे सेल काढा, ते गळाले तर संपर्काच्या पट्ट्या खातात. सोळाही स्टेप बटणं एकेक दाबून पाहा. जुनी बटणं एका दाबात दोनदा तरी उमटतात, नाहीतर उमटतच नाहीत.

भावाला वाजवायला हवं असेल तर रोलँडचं टीआर-०८ न्या. ते यूएसबीवर किंवा चार एए सेलवर चालतं आणि हातातल्या बॅगेत मावतं. बटणं चिमुकली आहेत, मोठ्या बोटांना त्रास होतो. मूळ मशीन भारतात कधी वाजलंच नाही असं मात्र नाही. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी टीआर-८०८ आणि टीबी-३०३, ज्युपिटर-८ हे सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते.

ठाणे : ड्रम मशीनला छोट्या साडेतीन मिलिमीटर जॅकने सॅम्पलर जोडला, पण क्लॉक (दोघांची लय जुळवणारा इशारा) जात नाही.

त्या जॅकमधल्या मिडीच्या जोडणीचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. २०१८मध्ये ए हा प्रमाण ठरला, त्याआधीच्या काही यंत्रांत बी आहे. एका बाजूला ए आणि दुसऱ्या बाजूला बी असेल तर साधी स्टीरिओ केबल चालत नाही. दोन्ही टोकांना आपापल्या प्रकारचे अ‍ॅडॅप्टर लावून मधे जुनी पाच पिनांची मिडी केबल टाका. केबल स्टीरिओ आहे ना हे आधी बघा. टोकावर काळ्या रेघा दोन हव्यात, एकच असेल तर ती मोनो. त्यानंतरच सेटिंगमध्ये एका यंत्राला क्लॉक पाठवायला आणि दुसऱ्याला घ्यायला सांगा.