ताई, माझी प्रार्थनाच आटली

"प्रार्थनेला बसते आणि भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. ताई, माझा विश्वास गेला का हो?"

हा प्रश्न मला दर एक-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारी माणसं मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, खंदी असतात. कुणी शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) घेतं, कुणी उपासनेत पेटी वाजवतं, कुणी महिला मंडळाचा हिशेब ठेवतं. ज्याला देवाशी देणंघेणं नाही, तो या काळजीनं माझ्याकडं कशाला येईल? तेव्हा एकीची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या पुण्यात एका रुग्णालयात नर्स आहेत. वॉर्डात सगळे सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणते. वय चाळिशीच्या पुढं, माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्या ख्रिस्ती. रोज संध्याकाळी कौटुंबिक उपासना झाल्याशिवाय ताटं वाढली जायची नाहीत, असं घर. आठ महिन्यांपूर्वी त्यांचे वडील गेले. त्याआधी सिस्टरनी त्यांच्यासाठी एकवीस दिवस उपवास-प्रार्थना केली होती. पुरल्यानंतर चौथ्या दिवशी प्रार्थना-गटातल्या एका बाईंनी फोन करून सांगितलं, "कुठंतरी विश्वास कमी पडला बघा."

हे वाक्य त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलंच नाही. पहिल्या भेटीत त्या फक्त स्वतःला ढोंगी म्हणत होत्या: "रविवारी पोरांना प्रार्थना शिकवते आणि मला स्वतःला करता येत नाही. शब्बाथ शाळा सोडायची म्हणतेय."

मी आधी प्रार्थनेचं काहीच विचारलं नाही. झोप किती, विचारलं. चार तास, तीही तुटक, रात्रपाळीमुळं. जेवण? डबा बहुतेक वेळा तसाच परत. आवडीच्या गोष्टींत मन लागतं का, रडू येतं का, जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारलं. जिवाबद्दलचं उत्तर "नाही" आलं. "हो" आलं असतं तर त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवलं असतं. असा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. पाळकसाहेबांना सांगा, पण तिथंही फोन करा. सिस्टरना मी रक्ततपासणीला पाठवलं. हिमोग्लोबिन बरंच खाली निघालं, गोळ्या सुरू झाल्या. मानसोपचारतज्ज्ञांनाही एकदा दाखवलं. त्यांनी झोप आणि दुःख या दोन्हींकडं लक्ष ठेवायला सांगितलं, औषध लगेच दिलं नाही.

यावर त्या जराशा नाराजच झाल्या. "मी आत्म्याचं विचारायला आले आणि तुम्ही हिमोग्लोबिनवर आलात."

मग मी एलीयाची आठवण काढली. बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा एवढा मोठा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो, तो उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढं ठेवतो, "ऊठ, खा" म्हणतो. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाचं बोलणं होतं ते पुढं, होरेब डोंगरावर. आपल्याकडं मात्र थकलेल्या माणसाला आणखी एक उपवास सांगायची खोड आहे. मोबाइलवर तर रोज नवा प्रचारक नवे एकवीस दिवस घेऊन हजर असतो.

तिसऱ्या भेटीत ते फोनवरचं वाक्य बाहेर आलं. मी विचारलं, "देवावर रागावलात का?"

"देवाला असं कसं बोलणार?"

मी स्तोत्रसंहिता उघडून तेरावं स्तोत्र त्यांच्यापुढं ठेवलं. सहाच वचनं आहेत. मूळ हिब्रूत पहिल्या दोन वचनांतच 'किती काळ?' हा प्रश्न चारदा येतो. सिस्टर मोठ्यानं वाचायला लागल्या आणि दुसऱ्या वचनापाशी थांबल्या. बराच वेळ रडल्या. मग अठ्ठ्याऐंशीवं वाचलं. ते तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. दीडशे स्तोत्रांतला मोठा वाटा अशा विलापांचाच आहे. आपण मात्र उपासनेत स्तुतीचीच स्तोत्रं निवडतो. मला हे खटकतं, आमच्या पाळकांना दोनदा बोलूनही झालंय.

ढोंगीपणाचं राहिलं होतं. त्यावर मदर तेरेसांचं सांगितलं. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये, त्यांची खासगी पत्रं छापली गेली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं, असं त्यांतून कळलं. त्या काळातही त्यांची पहाटेची प्रार्थना आणि काम चालूच होतं. सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नाशियस लोयोला सांगतात की कोरडेपणाच्या दिवसांत आधी केलेला निश्चय बदलू नये. ते आमच्या परंपरेचे नाहीत, पण सल्ला सोन्यासारखा आहे. म्हणून शब्बाथ शाळा सोडण्याचा निर्णय आम्ही सहा महिने पुढं ढकलला. आणि लांब प्रार्थना बंद. ड्यूटीवर जाताना एक वचन, तेही पाठ असलेलं. भावना येते की नाही हे तपासायचं नाही.

एवढ्यानं विहिरीला पाणी लागलं असं नाही. खरं वळण मला एका जुन्याच गोष्टीतून सापडलं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात. गर्दीमुळं आत शिरता येत नाही, तर छप्पर उकरून त्याला येशूपुढं खाली सोडतात. सिस्टरच्या माहेरचं घर माळवदाचं. त्या पटकन म्हणाल्या, "माळवद उकरायचं म्हणजे घरभर माती!" मग मी पुढचं वाक्य वाचायला सांगितलं. येशू 'त्यांचा' विश्वास पाहून बोलतो. पडून राहिलेल्याच्या विश्वासाबद्दल तिथं एक अक्षर नाही.

सिस्टर ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. एकवीस दिवस सगळा भार त्यांनी एकटीनंच उचलला होता.

मी वही पुढं सरकवली. "तुमची बाज उचलतील अशी चार नावं लिहा."

दोन लगेच आली, धाकटा भाऊ आणि मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी. तिसरं नाव बरंच घुटमळून आलं, सासूबाईंचं. ("भांडतात, पण माझ्यासाठी गुडघ्यावर जातात, हे खरंय.") चौथी ओळ रिकामी राहिली.

त्यानंतर दर गुरुवारी मावशी घरी यायला लागल्या. प्रार्थना त्या करतात, सिस्टर नुसत्या बसतात. कधी कधी मावशींनाच मध्ये डुलकी लागते, मग सासूबाई 'आमेन' म्हणून टाकतात. हे सांगताना सिस्टर पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. झोप आता सहा तासांवर आली आहे. देव जवळ आहे असं वाटतं का, विचारलं तर म्हणाल्या, "अजून नाही. पण भिंतीशी बोलतेय असंही वाटत नाही."

परवा आल्या तेव्हा वही सोबत होती. "ताई, चौथं माणूस ख्रिस्ती नसलं तर चालतं का? आमच्या वॉर्डातल्या आया आहेत, विठोबाच्या माळकरी. रात्रपाळीला पहाटे चारला न सांगता माझा चहा झाकून ठेवतात. बाबा गेले तेव्हा सगळ्यात आधी त्याच जवळ येऊन बसल्या होत्या."

"मार्कानं त्या चौघांची नावंसुद्धा लिहिलेली नाहीत," मी म्हटलं.

सिस्टरनी पेन मागितलं.