हायवेवर पुढच्या गाडीपासून नेमकं किती अंतर ठेवायचं?

मीटरचा अंदाज चालत्या गाडीत येत नाही, त्यापेक्षा सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात मोजायला लागा, तुमची गाडी तिथे पोचेपर्यंत निदान ३ सेकंद गेले पाहिजेत, पाऊस किंवा धुकं असेल तर ६ तरी. कारण ८०च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते आणि समोरचा ब्रेक लाइट दिसून तुमचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २२ ते ३३ मीटर संपले. वर स्पीड दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. मधल्या गॅपमध्ये कोणी घुसलं तर घुसू द्या, चिडू नका, ॲक्सिलरेटर थोडा सोडून परत गॅप करा. मागचा फारच चिकटून येत असेल तर पुढचं अंतर आणखी वाढवा, म्हणजे तुम्हाला कचकन ब्रेक मारावा लागणार नाही आणि त्यालाही वेळ मिळेल. मोबाइल मात्र प्लीज हातात घेऊच नका, त्याच स्पीडला दोन सेकंद खाली बघितलं तरी ४४ मीटर न बघता गेलात.